कँडलच्या पोटात काय काय झालं

किस्से जमवावे लागत नाहीत. चार माणसं एका खोलीत बसवा, त्यांना एक कॉम्प्युटर द्या आणि त्यातल्या प्रत्येकाला आपणच हुशार आहोत अशी पक्की खात्री असू द्या. सहा महिन्यांत इतके किस्से साचतात की पाय ठेवायला जागा राहत नाही. आमची तर खोलीच मुळात लहान होती.

ही खोली गारखेड्यात, एका पिठाच्या गिरणीच्या वर. गिरणी सुरू झाली की टेबलावरचा माऊस आपोआप सरकायचा. शहर तेव्हा चारी बाजूंनी सुटलं होतं. बायपासच्या पलीकडे बघावं तिकडे प्लॉटिंगचे झेंडे, आणि नळाला मात्र आठवड्यातून एकदा पाणी. दुष्काळाची वर्षं होती. आता छत्रपती संभाजीनगर म्हणतो, तेव्हा औरंगाबाद म्हणायचो, आणि पाण्याच्या नावानं रोज शंख करायचो.

काम काय, तर शेअर बाजारात आपोआप खरेदी-विक्री करणारा प्रोग्राम बनवायचा. प्रोग्राम मी लिहायचो, म्हणून मला सगळे 'सर' म्हणायचे. नजमा मॅडम गणितात एम.एस्सी. प्रोग्राम तपासणं हे त्यांचं काम आणि मला तोंडावर पाडणं हा त्यांचा छंद. शिरसाट काका वाळूजच्या एका कंपनीतून क्वालिटी इन्स्पेक्टर म्हणून रिटायर झालेले. जुन्या भावांचा सगळा डेटा त्यांच्या ताब्यात. आणि चौथा बबन. तो वाळूजलाच एका प्रेस शॉपमध्ये, म्हणजे मशीनखाली पत्रा ठोकून भाग काढतात तिथं, परमनंट ऑपरेटर. फर्स्ट शिफ्ट सुटली की कंपनीच्या बसनं थेट आमच्याकडे यायचा. मूळचा सोयगाव तालुक्यातला, घरी मेंढरं. स्ट्रॅटेजीच्या, म्हणजे कधी घ्यायचं आणि कधी विकायचं याच्या, कल्पना सगळ्या त्याच्याच.

बबनला नोकरी सोडायची होती. प्रेसच्या धडधडीनं त्याचा डावा कान जवळजवळ गेला होता, आणि उजवा शिल्लक आहे तोवर त्याला बाहेर पडायचं होतं. राजीनामा लिहून, पाकिटात घालून, शर्टाच्या खिशात तयार. प्रोग्राम पास झाला की दुसऱ्या दिवशी साहेबाच्या टेबलावर! वाळूजला परमनंट नोकरी सोडणाऱ्याला लोक वेड्यात काढतात. त्याच्या बायकोनं, मंगलवहिनींनी, मात्र यावर अवाक्षर काढलं नव्हतं.

"बोलली असती तं बरं झालं असतं," बबन म्हणायचा. "भांडता तरी आलं असतं!"

*

पुढचं कळायला एवढं ऐकून ठेवा. पंधरा मिनिटांत बाजारातला भाव शंभर वेळा वरखाली होतो. पण जुन्या नोंदीत त्यातले चारच आकडे उरतात: सुरुवातीचा, सगळ्यात वरचा, सगळ्यात खालचा आणि शेवटचा. त्या चार आकड्यांची स्क्रीनवर एक उभी कांडी दिसते, ती कँडल. भाव आधी वर गेला का आधी खाली, मधे किती वेळा हेलकावला, ते कँडलच्या पोटातच राहतं. आणि बॅकटेस्ट म्हणजे आपला नियम या जुन्या कांड्यांवर चालवून बघायचा, की तेव्हा असं केलं असतं तर काय झालं असतं.

हे सगळं मी आमच्या घरमालकांना अर्धा तास समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे लग्नातला एक फोटो बघून संसार कसा झाला ते सांगायचं!"

नजमा मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सर, इनको काम पे रख लेव."

*

बबनची पहिली स्ट्रॅटेजी मी लिहून चालवली, तर फायद्याचा आलेख जिन्यासारखा वर! एक पायरी खाली नाही. काकांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. बबननं चप्पल घातली, खाली गेला आणि अर्धा किलो पेढे घेऊन आला.

नजमा मॅडमनी एक पेढा घेतला. मग आणखी एक घेतला. रुमालाला बोटं पुसली आणि म्हणाल्या, "सर, हा प्रोग्राम सव्वादहाला खरेदी करतो. और खरेदी करनेका के नई, ये साडेदहाचा भाव देखके ठरवतो."

चूक माझी होती. ज्या कँडलच्या शेवटच्या भावावरून 'आता घ्या' असा सिग्नल निघतो, त्याच कँडलच्या सुरुवातीच्या भावाला मी खरेदी लावून मोकळा झालो होतो. अशी सोय असती तर मी गिरणीच्या वर कशाला बसलो असतो?

बबन म्हणाला, "मॅडम, ही चूक कवा सापडली तुमाला?"

"कल."

"मंग पेढे आणायच्या आधी कामून नाय सांगितलं?"

"पहले बोलती तो पेढे आते क्या? कौनसी चीज पहले, कौनसी बाद में, येइच तो सीख रहे ना अपन!"

उरलेले पेढे काकांनी घरी नेले.

*

त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत टँकर यायचा. कोणत्या दिवशी येणार, ते बहुधा टँकरवाल्यालाही माहीत नसायचं. खालचा गिरणीवाला शिस्तीचा माणूस. त्यानं भिंतीवर एक फळा लावला होता आणि रोज गिरणी बंद करताना त्यावर खडूनं लिहायचा, 'आज टँकर आला' नाहीतर 'आज टँकर आला नाही'.

एकदा साडेचारच्या सुमारास हॉर्न ऐकू आला. आम्ही चौघं बादल्या घेऊन जिन्यावरून धडाधड खाली. काकांनी तर पाण्याच्या दोन रिकाम्या बाटल्याही काखेत मारल्या होत्या. टँकर कोपऱ्यापर्यंत आला. ड्रायव्हरनं आमच्याकडे नीट बघितलं. आणि टँकर पलीकडच्या गल्लीत वळवला! बबन त्याच्यामागं पन्नास पावलं पळाला. काकांची एक बाटली गटारात गेली ती गेलीच.

आता त्याच आठवड्यात नजमा मॅडम माझ्या डोक्यात एक गोष्ट घालायला बघत होत्या. कँडल चालू असताना मधेच सिग्नल येतो आणि कँडल संपेपर्यंत नाहीसा होतो. चालू बाजारात प्रोग्राम त्या सिग्नलमागं पळतो, सौदा करून बसतो. पण जुन्या नोंदीत बघायला जा, तर तिथं सिग्नलचा मागमूस नाही. मी हो हो म्हणायचो, कळत काही नव्हतं.

संध्याकाळी आम्ही निघालो तेव्हा गिरणीवाला फळ्यावर लिहीत होता, 'आज टँकर आला नाही'. नजमा मॅडम दोन्ही हातांत रिकाम्या बादल्या घेऊन फळ्यासमोर उभ्या राहिल्या.

"देखो सर," त्या म्हणाल्या. "फळ्याच्या हिशोबानं आपन नीचे उतरेच नई!"

*

कळूनही मी ऐकलं नाही, तो भाग वेगळा. मधल्या सिग्नलवर खरेदी करणारा प्रोग्राम मी एक दिवस हौसेनं चालू बाजारात सोडला. भाव नेमका सिग्नलच्या रेघेवर थरथरत होता. रेघेच्या वर गेला की प्रोग्राम ऑर्डर टाकायचा, खाली आला की रद्द करायचा. वर, टाक. खाली, रद्द. एका मिनिटात इतक्या वेळा की मला बघतानाच घेरी आली.

ब्रोकरच्या ऑफिसातून बाईंचा फोन आला. काकांनी उचलला.

"सर, तुमच्या की-बोर्डवर मांजर बसलंय का?"

"नाही," काका प्रामाणिकपणे म्हणाले. "आमचे सर बसलेत."

त्या दिवसापासून भिंतीवर कागद लागला: एका कँडलमध्ये एकच ऑर्डर. काकांनी तो नियम चहालाही लावला आणि पंधरा मिनिटांच्या आत दुसरा कप मागणाऱ्याला कागदाकडे बोट दाखवायला लागले.

*

सगळ्यात मोठं भांडण झालं ते स्टॉप आणि टार्गेटवरून. स्टॉप म्हणजे एवढं नुकसान झालं की बाहेर पडायचं ती हद्द, टार्गेट म्हणजे एवढा फायदा झाला की बाहेर पडायचं ती. आता एकाच कँडलमध्ये भाव दोन्ही हद्दींना शिवून आला असेल, तर आधी कुठं गेला होता? चार आकड्यांवरून ते कळायला मार्ग नाही. काका म्हणायचे आधी टार्गेट धरा, माणसानं चांगलं चिंतावं. नजमा मॅडम म्हणायच्या आधी स्टॉप धरा. मी म्हणालो छापा-काटा करा, तर दोघंही माझ्यावर उलटले.

हे भांडण आठवडाभर चालू असताना बबनचे वडील आले, डोळे दाखवायला शहरात आले होते म्हणून. आबांची मेंढरं दरवर्षी ज्या माळावर उतरायची, तिथं आता प्लॉट पडले होते. तिकडून चालत आल्यामुळं ते घामाघूम झालेले. बबननं त्यांना खुर्चीवर बसवलं आणि स्क्रीनवरची कँडल दाखवून सगळा घोळ सांगितला. आबा टक लावून बघायला लागले.

आम्ही खुर्च्या पुढं ओढल्या. काकांनी तर वही उघडली. रानावनात जन्म काढलेली म्हातारी माणसं अशा वेळी एका वाक्यात डोळे उघडतात, अशी आमची समजूत होती.

बऱ्याच वेळानं आबा म्हणाले, "पंखा वाढीव की जरा!"

काकांनी वही मिटली. चहा झाला, आबा उठले. जिन्यात मी त्यांचा हात धरला होता, तेव्हा हळूच म्हणाले, "सर, त्या कंपनीची बस अजून येती ना याला न्यायला?"

"येते की."

"मंग ठीकंय," म्हणाले, आणि एकेक पायरी उतरत गेले. तोपर्यंत बबनच्या खिशातल्या त्या पाकिटाची मला मजाच वाटायची. त्या दिवशी पहिल्यांदा भीती वाटली.

*

भांडण सुटावं म्हणून ठरलं की पंधरा मिनिटांच्या कँडलच्या आत एकेका मिनिटाच्या नोंदी बघायच्या. मग आधी काय, नंतर काय, हे बरंचसं कळतं. अशा नोंदी आमचा एक जुना कॉम्प्युटर रोज साठवत होता. पण लोडशेडिंग! बऱ्याच दुपारी लाइट नसायची, आणि नोंदींना तिथं भोकं.

"मी बघतो," शिरसाट काका म्हणाले. दोन दिवस ते मान वर न करता बसले. तिसऱ्या दिवशी फाइल आणून दिली, एकही भोक नाही. मला वाटलं, कुठून तरी मिळवल्या असतील. जुना माणूस, ओळखी असतात.

बॅकटेस्ट लावली. काय सांगू तुम्हाला! सकाळी प्रोग्राम आपला यथातथाच, पण दुपार झाली की राजा. पडणं म्हणून माहीत नाही. बबननं खिशावर हात ठेवला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, खरंच होतं.

"सर, उद्या देतो."

"एक दिन ठहरो," नजमा मॅडम म्हणाल्या आणि फाइल खाली-खाली सरकवत बसल्या. मग थांबल्या. "काका, ये दुपार के साडेबारा ते एक, भाव हलतच नाही. बहुतेक रोज. असं कसं?"

"जेवणाची सुट्टी ना!" काका म्हणाले.

"किसकी?"

"म्हणजे काय? लाइन बंद असते त्या टायमाला."

मग हळूहळू उलगडलं. कंपनीत काकांनी उभं आयुष्य तासातासाची रीडिंग लिहिली होती. म्हणजे लिहिली होती शिफ्ट सुटताना, टेबलावर बसून, एका बैठकीत! तीच पद्धत इथंही. लाइट जायच्या आधीचा भाव बघितला, लाइट आल्यानंतरचा बघितला, आणि मधले सगळे रकाने, एकही हेलकावा न देता, सुबक आकड्यांनी भरून टाकले.

"काका, अहो, असं कसं केलंत?" मी जवळजवळ ओरडलोच.

"रजिस्टर कोरं ठेवायचं नसतं सर, ऑडिटला सापडतं." काका जरा दुखावले होते. "आणि सगळी रीडिंग लिमिटमध्ये आहेत. एक जरी बाहेर दाखवलंत तर नाव बदलीन!"

मी जिन्यात जाऊन बसलो आणि पोट धरून हसलो. परत आलो तर बबन खिशातलं पाकीट बाहेर काढून त्यावरचा घाम शर्टाला पुसत होता. मग माझंही हसू गेलं.

*

शेवटी नजमा मॅडमनी सूत्रं हातात घेतली. सिग्नल कँडल संपल्यावरच धरायचा. ऑर्डर पुढच्या कँडलच्या सुरुवातीला. स्टॉप आणि टार्गेट एकाच कँडलमध्ये आले आणि आतलं काही कळत नसेल, तर नुकसान झालं असं समजायचं. भरलेले रकाने पुसायचे. काकांनी स्वतःच्या हातानं पुसले.

या नियमांनी बॅकटेस्ट चालवली, तर आलेख आडवा. वर नाही, खाली नाही. भरलेला पेला ठेवला असता तर थेंब सांडला नसता.

बबन भडकला. इतक्या दिवसांत त्याला असं बघितलं नव्हतं. "लोकं दुसऱ्याची नोकरी खातेत, मॅडम! तुमी माझा नोकरी सोडायचा चानस खाल्ला!"

नजमा मॅडमचा आवाज बारीक झाला. "मैं झूठा पास कर दूँ, बबनभाई? एक बटन का काम है. फिर मंगलभाभी को मुँह कैसा दिखाऊँ मैं?"

बबन खिडकीशी जाऊन उभा राहिला. तिथूनच म्हणाला, "एक महिना चालू बाजारात बघू. पैसे न घालता, कागदावर." त्याला नाही म्हणायची हिंमत आमच्यात नव्हती. त्याच्या मोबाइलवर निकाल दिसेल अशी मी सोय करून दिली. ती करून दिली नसती तर बरं झालं असतं, असं मला नंतर पुष्कळदा वाटलं.

*

त्या महिन्यातला एक दिवस. हे बबननं स्वतः आम्हाला सांगितलं, दुसऱ्या दिवशी, एकाही कँडलकडे न बघता.

सकाळी बाजार उघडला आणि प्रोग्रामनं जी झेप घेतली, ती थांबेचना. अकराला जेवणाची सुट्टी झाली. बबननं मोबाइल बघितला, डबा उघडलाच नाही, थेट एचआरच्या केबिनमध्ये गेला आणि पाकीट टेबलावर ठेवलं.

साहेबांनी कागद वाचला. "विचार केलाय?"

"लई दिवसाचा."

साहेबांनी कागद शिक्का मारायला क्लार्ककडे सरकवला. त्या उन्हाळ्यानं क्लार्कचा शाईचा पॅड वाळून भाकरीसारखा कडक झाला होता. तो शाईची बाटली आणायला स्टोअरला गेला. बबन आपल्या मशीनवर परत आला. "सर, पुढचे दोन तास," तो म्हणाला, "प्रेसचा आवाजच नाय आला मला. एवढं हलकं वाटायलं होतं."

दीडला त्यानं पुन्हा मोबाइल बघितला. प्रोग्राम सकाळी जिथून निघाला होता, बरोबर तिथं येऊन बसला होता. एक पैसा इकडं नाही, एक पैसा तिकडं नाही.

बबन हातमोज्यांसकट पळत सुटला. क्लार्क नुकताच शाई घेऊन आला होता आणि पॅडवर थेंब थेंब टाकत होता.

"साहेब, तेवढा कागद द्या माघारी. तारीख चुकली."

"बरोबर तारीख कोणती?"

"ती बगून सांगतो!"

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं, हातमोज्यांकडे बघितलं, आणि कागद पाकिटात घालून परत दिला. साडेतीनला शिफ्ट सुटली. गेटवरच्या मशीनमध्ये नोंद पडली: हजर, पूर्ण दिवस. त्या दिवशी तो आमच्याकडे आलाच नाही. सरळ घरी गेला, रांजणगावला.

घर सकाळी सोडलं तसंच होतं. स्टोव्हवर चहा उकळत होता. मंगलवहिनी पाठमोऱ्या उभ्या होत्या. फक्त दाराजवळ एक रेक्झिनची बॅग होती, माळ्यावरची. बबननं पायानं जरा ढकलून बघितली, तर जड. वहिनींनी कप पुढं केला, तेव्हा त्याला त्यांच्या बांगड्यांत घड्या घालून खोचलेली एसटीची दोन तिकिटं दिसली. त्यानं ती ओढून काढली. एक लासूर स्टेशनला जायचं, दुपारी बाराचं. लासूर वहिनींचं माहेर. दुसरं तिथून परत यायचं, अडीचचं.

"लासूरला गेलतीस?"

"व्हय."

"बॅग घेऊन?"

"व्हय."

"आन् मंग?"

वहिनींनी त्याच्या शर्टाच्या खिशाकडं बघितलं. पाकिटाचं टोक बाहेर आलं होतं, शाईचा एक ताजा ठिपका पडलेलं.

"आले की माघारी," त्या म्हणाल्या. "तुमी बी आलाच की!"